घराचा रकाना

गुंडाळलेल्या टॉवेलवर डावा पाय ठेवून, कपाळ कपाटाला टेकवून तो कंबर फिरवत होता. एकतीस, बत्तीस. शेगडीवरचं दूध वर आलं, काठाशी जरासं घुटमळलं आणि उतू गेलं.

“लक्ष ठेव म्हटलं होतं.” ओले केस पुसत बायको आली आणि तिने गॅस बंद केला.

“ठेवलं होतं की.”

“हो ना. उतू जाईपर्यंत ठेवलंस.”

त्याने चाळीस पुरे केले आणि मगच फडकं उचललं. ओटा पुसतानाही त्याचे गुडघे लवत होते.

हंगाम संपून दोन महिने झाले होते. नवी हिरवळ धरेपर्यंत गोल्फचं मैदान बंद होतं, आणि तेव्हापासून तो घरात होता; म्हणजे घरातल्या प्रत्येक भिंतीपाशी होता. दाराच्या मुठीला रबरी पट्टा, सोफ्यामागे वजनाचा चेंडू, न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पोटऱ्यांचे ताण. वय अडतीस. मोठ्या स्पर्धांचा प्रवेश गेल्या खेपेला एका फटक्याने हुकला होता. तो फटकाही दंडाचा, त्याने स्वतःच स्वतःवर चढवून घेतलेला. चेंडूजवळचं वाळकं पान उचलताना चेंडू केसभर सरकला, एवढंच. कोणी पाहिलं नव्हतं. त्याने हात वर करून सांगितलं.

आता प्रशिक्षकाचं पंधरा दिवसांचं शिबिर होतं. जागा पाच. त्यातली एक आज दुपारी बारापर्यंत त्याच्यासाठी राखलेली. ती गेली, तर पुढच्या प्रवेशफेरीत पंचविशीतल्या पोरांसमोर तो कसा उभा राहणार, हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

बायकोने हरकत घेतली नव्हती, अट घातली होती. कपाटाच्या दारावर आठ आठवड्यांचं कार्ड चिकटवलं होतं. ताकद आणि फटका हे दोन रकाने प्रशिक्षकाचे. तिसरा तिने स्वतः पट्टीने आखला: घर. रोज संध्याकाळी सात ते पावणेआठ लेकीजवळ बसायचं. पट्टा नाही, वजन नाही, ताण नाही. एक दिवस जरी चुकला तरी शिबिर नाही.

“तुझा हंगाम संपतो,” ती म्हणाली होती, “आमचा बारमाही असतो.”

गोल्फमध्ये आपलं फटक्यांचं कार्ड आपणच खरं ठरवून चालत नाही. सोबतच्या माणसाने बघायचं आणि सही करायची. इथली सही नऊ वर्षांच्या लेकीची होती. सदा काहीतरी कुरतडत असायची म्हणून तिला सगळे खारू म्हणत.

बायकोने पेन्सिलीचं टोक एकेका चौकोनावर टेकवत नेलं. औषधांच्या दुकानात गोळ्या मोजायची तिची सवय. बोटं भराभर चालली.

“छप्पन्न.” ती वळली तेव्हा हसत होती. “अरे, खरंच पुरे केलेस. मला नव्हतं वाटलं हं. कळव त्यांना. जा.”

तो फोनकडे गेला नाही. खिडकीपाशी गेला, परत आला, पुन्हा खिडकीपाशी गेला.

“आता काय?”

“गेला मंगळवार खोटा आहे.”

“म्हणजे?”

“बसलो होतो मी. तिच्यासमोरच. पण टेबलाखाली टाचा वर-खाली चालल्या होत्या. साठ-साठचे तीन सेट.” तो कपाटाशी बोलत असल्यासारखा बोलला. “ती शाळेतलं काहीतरी सांगत होती. काय ते आठवत नाही.”

बायकोने पेन्सिल खाली ठेवली.

“एकच मंगळवार?”

त्याने कार्डाकडे पाहिलं.

“त्याच्या आधीचे दोन गुरुवार. आणि एका शुक्रवारचं नक्की सांगता येत नाही.”

“वा. म्हणजे देह हजर, बाकी सगळं रजेवर.” तिचा आवाज चढला नाही. “आणि त्या बिचारीने सह्या केल्या.”

“तिला काय कळणार? टेबलाखाली होतं सगळं.”

“कळलं होतं.”

खारू दारात उभी होती. तोंडात खोडरबर.

“टेबल हलत होतं,” ती म्हणाली. “माझं अक्षर वाकडं आलंय बघ वहीत.”

“थुंक आधी ते,” आई म्हणाली.

तिने खोडरबर काढून मुठीत धरलं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

“मग सही का केलीस, खारू? चुकीच्या कार्डावर सही झाली तर काय होतं, सांगितलंय ना मी?”

“खेळाडू बाद. माहितीये.”

“मग?”

“तू जावास म्हणून.”

तो उकिडव्याचा फरशीवरच बसला.

“तिकडे गेलास की तू रोज फोन करतोस,” खारू समजावत होती, लहान भावंडाला समजवावं तशी. “मागच्या वेळी मी तुला माझ्या नि मैत्रिणीच्या भांडणाचं अख्खं सांगितलं होतं. तू विचारत होतास, मग ती काय म्हणाली, मग तू काय म्हणालीस. घरी तू नुसतं हं हं करतोस. म्हणून म्हटलं, जाऊ दे.”

नळ नीट बंद नव्हता. बायकोने तो पिळला, आणि पिळलेला हात तसाच नळावर ठेवला.

“बाराला वीस कमी आहेत,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “काय ते तूच ठरव. माझ्या अटीचं सोड आता.”

त्याने फोन घेतला, चपला अडकवल्या आणि दार उघडंच टाकून जिना उतरला. दोन मजले उतरला, पुन्हा अर्धा चढला, पुन्हा उतरला. शेवटी सायकलींपाशी खालच्या पायरीवर बसून त्याने नंबर लावला. वर बायकोचा फोन वाजलेला त्याला जिन्यातून ऐकू आला.

“हॅलो?” खारूचा आवाज.

“मी बोलतोय.”

“कुठून?”

“खालच्या पायरीवरून.”

“मग वर ये ना!”

“येतो. आधी मंगळवारचं सांग.”



“सगळं?”

“अगदी पहिल्यापासून.”

ती सांगू लागली. बाईंनी वर्गात जागा बदलायची परवानगी दिली, ती का दिली, फळ्यावर नावं कशी लिहिली. तिचा आवाज त्याला दोनदा येत होता, एकदा कानात आणि एकदा जिन्यावरून. मध्येच फोन थरथरला. पडद्यावर प्रशिक्षकाचं नाव होतं. त्याने ते वाचलं आणि फोन पुन्हा कानाला लावला.

“बाबा, ऐकतोयस?”

“ऐकतोय. तुझ्या बाकावरच्या मैत्रिणीने जागा बदलून घेतली.” त्याने दोन्ही पाय पायरीवर नीट टेकवले. “मग तुझ्या शेजारी कोण आलं?”

“कोणीच नाही,” खारू म्हणाली.