पुरुषोत्तमरावांचं हसू

"पण आजोबा, तुम्ही हसतच नाही त्याच्यात," अन्वीनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "चार माणसं स्टेजवर नुसती बसली आहेत. लाइक फर्निचर."

पुरुषोत्तमरावांनी तिकडे पाहिलंच नाही. "मी हसलोय. मोठ्या पडद्यावर बघ, दिसेल."

"लग्न झाल्यापासून ऐकतेय मी त्या हसण्याबद्दल," श्यामलाबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या. "पाहिलंय कुणी?"

घरात हा विषय निघाला की सगळ्यांना चेव यायचा. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, लंडनच्या पिनर भागात कधी कुणाशी आवाज चढवून न बोललेले पुरुषोत्तमराव रशियन सिनेमात होते, हे खरं कुणाला वाटणार? पण होते. शिष्यवृत्तीवर मॉस्कोत शिकत असताना चार परदेशी विद्यार्थ्यांना हॉस्टेलमधून शूटिंगला उचलून नेलं होतं. विनोदी सिनेमा. बुटांच्या कारखान्यात परदेशी पाहुणे यायचे असतात, ते येत नाहीत. मग मॅनेजर हाताला लागतील ती सावळी पोरं पकडून, फेटे बांधून व्यासपीठावर बसवतो आणि भाषण ठोकतो. थट्टा होती ती असल्या मॅनेजरांची. आणि सिनेमावाल्यांनी तरी दुसरं काय केलं? साताऱ्याचे पुरुषोत्तमराव त्यांना पुरेसे भारतीय वाटेनात, म्हणून फेट्यावर भागलं नाही, तोंडाला काळा रंगही फासला.

पाहुण्यांना रशियन कळत नाही, असं ठरलं होतं. पण मॅनेजर फक्त डाव्या पायाच्या बुटांचा विक्रम सांगायला लागला आणि पुरुषोत्तमरावांना फस्सकन हसू आलं. दिग्दर्शक आधी ओरडला, मग स्वतःच हसत सुटला. म्हणाला, असू दे, छान आहे. त्या परक्या गावात आपलं काहीतरी कुणाला आवडलं, याचा आनंद त्यांना आजही होता. पुढे सरकारातल्या वरच्यांना सिनेमा झोंबला आणि तो डब्यात गेला. आता कुठे त्याची नवी प्रत निघाली होती.

"त्यांनी तुमची चेहरा काळी केली, आजोबा. राग नाही आला?" अन्वीनं तिच्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत विचारलं.

"आला की. रंग धुताना आला, निघता निघेना. रविवारी फिल्म क्लबात बोलशील तेव्हा ते तू सांग, खरंच आहे ते. फक्त फर्निचर म्हणू नकोस."

"मला दिसते तेच मी सांगणार ना," अन्वी म्हणाली. सिनेमा शिकणारी पोर, तिचंही बरोबरच होतं.

रविवारी दुपारी लायब्ररीच्या हॉलमध्ये फिल्म क्लबची मंडळी जमली. पुरुषोत्तमराव ब्लेझर घालून शेवटच्या रांगेत बसले. तो प्रसंग आला. फेट्याखाली कोवळा, रंगवलेला चेहरा. मॅनेजर डाव्या बुटांवर आला, हॉल हसला. पुरुषोत्तमराव खुर्चीत पुढे सरकले.

पडद्यावर कारखान्याच्या अंगणात बदकं चालत होती.

"कापलं," ते हळूच म्हणाले. एरवी टोमणा मारायची संधी न सोडणाऱ्या श्यामलाबाईंनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. पुरुषोत्तमरावांना फार वाईट वाटलं. इतकी वर्षं आपण घरच्यांना खोटंच सांगत आलो की काय, असंही क्षणभर वाटून गेलं.

सिनेमा संपल्यावर अन्वी बोलायला उभी राहिली. फेटे, रंग, एकही वाक्य नसलेली माणसं, सगळं तिनं नीट सांगितलं. मग तो प्रसंग पुन्हा लावला. 'फर्निचर' म्हणायची जागा आली आणि ती थांबली. तिनं चित्र मागे नेलं, परत पुढे आणलं. एकेक चित्र सरकवत अगदी बदकांच्या आधी येऊन थांबली.

पडद्यावर फेटेवाल्या पोराच्या ओठांचं एक टोक किंचित वर उचललं गेलं होतं.

"धिस इज माय ग्रँडफादर," ती माइकवर म्हणाली. मग माइक बाजूला धरून शेवटच्या रांगेकडे बघत म्हणाली, "आजोबा, इथून सुरू होते ना तुमची हसू?"

सगळ्या माना मागे वळल्या. श्यामलाबाई चष्मा पुसून पडद्याकडे बघत होत्या. पुरुषोत्तमरावांनी मान डोलावली. पुढचं हसून दाखवावं असं त्यांच्या मनात आलं, पण ते काही केल्या जमेना.