वातीची मूठ

कापसाला सोन्याचा भाव आला आणि वऱ्हाडातल्या माणसांना देव जरा जास्तच आठवू लागला. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई पेटली, विलायतेच्या गिरण्यांना आमचा कापूस गोड लागू लागला, आणि अमरावतीचे दलाल बोंडं फुटायच्या आधीच वावराच्या धुऱ्यावर, बांधावर येऊन बसू लागले. ज्यांच्या घरी तूप फक्त सणाला दिसायचं, त्यांच्याकडे पूजांवर पूजा झडू लागल्या. भगवंतराव पाटलांनी तर मारुतीच्या देवळाला कळस चढवला. त्यांच्या वावरात वेचणाऱ्या बायकांसाठी ठेवलेलं पाण्याचं मडकं मात्र अजून फुटकंच होतं.

भगवंतराव म्हणजे कौशल्येचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. दोघा भावांची वावरं एकमेकांना लागून, अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर. तिथे वेचणीची रीत ठरलेली होती. पहिल्या दिवशी मालकिणीने सीतादही करायचं, म्हणजे पहिल्या फुटलेल्या झाडालाच देवी मानून त्याच्यापाशी दहीभात ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं. मगच बायका वावरात पाय टाकणार. संध्याकाळी वेचलेल्या कापसाचे ढीग करायचे. त्यातला एक ढीग वेचणारणीचा, तीच तिची मजुरी. आणि त्या ढिगातून एक मूठ देवाच्या वातींसाठी मालकिणीच्या हाती परत द्यायची. ही वातीची मूठ बायका हसत हसत देत. आपल्या घामाची वात देवापुढे जळते, याचा त्यांना केवढा अभिमान!

यंदा कार्तिकात वावर पांढरंशुभ्र झालं आणि कौशल्येने सकाळी सकाळी नवऱ्याला सांगून टाकलं की ती सीतादही करणार नाही.

पुंजारामच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. "डोकं फिरलं का तुहं? वाटीभर दहीभातानं काय आपलं घर बुडते?"

"बुडत नाई. पन मी नाई ठेवत. अन् वातीची मूठबी नाई घेत."

"मूठ नको घेऊ. पन दही ठेव, अन् गप राहा. मांगचं कोनाले सांगू नको."

मागचं म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी भाव चढला तेव्हा सासूने कौशल्येच्या कानात सांगितलं होतं, वातींना असा किती कापूस लागतो, बाकीचा आपल्या कापसाच्या गंजीत टाक. पहिल्या संध्याकाळी तिने मुठी गंजीत टाकल्या. पुढचे आठ दिवस ती पोरांच्या कपाळाला हात लावून पाहत होती, कुणाला ताप तर आला नाही ना. ताप आला नाही. पीक उलट जोमाने आलं. दुसऱ्या वर्षी ती ढिगातून मूठ स्वतःच उचलू लागली, मूठ मोठी झाली, तिसऱ्या वर्षी एकीच्या दोन झाल्या, आणि देवळात वातीपुरतासुद्धा कापूस जाईनासा झाला. सासू गेली ती पिकल्या वयात, झोपेत, हातपाय न घासता. देवी कुणालाच काही बोलली नाही.

देव आहे की नाही, याचा कौशल्येने फारसा विचार केला नव्हता. घरकाम करणाऱ्या बाईला तेवढी सवड कुठली? एवढं मात्र तिला लख्ख कळलं होतं की आपला हात धरायला कुणीही येणार नाही. ती तीन वर्षं रागावणाऱ्याची वाट पाहत होती आणि तो आलाच नव्हता. आता थांबायचं तर आपणच थांबायला हवं. आणि ज्या हातांनी दहीभात ठेवला त्याच हातांनी मुठी चोरल्या, ते हात पुन्हा त्या झाडापुढे जोडायची तिला शिसारी आली होती.

बायका आल्या आणि धुऱ्यावरच थबकल्या. पुढे मैनाबाई. वीस वर्षं याच वावरात वेचणारी, सगळ्या बायका तिचं ऐकायच्या.

"बाई, दही कुठी हाय?"

"यंदा दही नाई, मैनाबाई. वातीची मूठबी नाई. वाटा पुरा तुमचा."

फुकट काही मिळतंय म्हटल्यावर माणूस आधी घाबरतो. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एवढ्यात पलीकडच्या वावरातून भगवंतराव आले. त्यांना आधीच सुगावा लागला असावा, किंवा अशा बाबतीत त्यांचे कान जात्याच तिखट होते.

"जिले देवाचं भेव नाई, ती तुमचा वाटा काय सोडन? तिचा हात कोन धरन? चला माह्या वावरात. दहीभात तयार हाय."

बायका वळल्या. पश्चिमेला ढग दाटले होते. एक सर आली असती तर फुटलेला कापूस मातीत लोळला असता, आणि दलाल शनिवारनंतर थांबणार नव्हता. पुंजाराम बायकोकडे डोळे वटारून पाहत होता. अजूनही वाटी आणली तर भागलं असतं.

मैनाबाई मात्र वळली नव्हती. "पाटील खोटं नाई बोलून राहिले, बाई. देवाचं भेव नाई, तर तुमाले कोनाचं भेव?"

कौशल्या भासऱ्यांसमोर आजवर कधी तोंड उघडून बोलली नव्हती. तिने पदर सावरला आणि बोलली.

"देवाचं भेव होतं तवाच मी चोरलं, मैनाबाई. तीन वर्सं तुमच्या मुठी वातीले नाई गेल्या. आमच्या गंजीत गेल्या. अमरावतीले इकल्या."

निघालेल्या बायका मागे फिरल्या. पुंजारामने कपाळावर हात मारून घेतला.

"माही पोरगी शकुन तापानं फणफणली होती," मैनाबाई हळूच म्हणाली. "तवा म्या नवस केला. पंधरा दिवस जास्तीची मूठ देल्ली. तेबी?"

"तेबी."

धरणीने पोटात घ्यावं असं कौशल्येला वाटलं. डोळे भरून आले, पण तिने ते मैनाबाईवरून काढले नाहीत. "जेवढं घेतलं तेवढं यंदाच्या कापसातून परत देईन. तुमीच मोजा."

"पाहा!" भगवंतरावांना उकळ्या फुटल्या. "सोताच सांगून राहिली, चोर हाय म्हनून!"

मैनाबाईने सावकाश त्यांच्याकडे तोंड फिरवलं. "पाटील, तुमच्या वावरातल्या मुठी कुठी गेल्या?"

"देवाले विचार!"

"देवाले कायले विचारू? मूठ त बायकांनी तुमच्या घरच्या हाती देल्ली होती."

भगवंतराव कळसाच्या खर्चाविषयी काहीतरी पुटपुटत चालू लागले. त्यांच्या मागे एकही बाई गेली नाही. मैनाबाई घरी जाऊन वाटीभर दहीभात घेऊन आली, स्वतःच झाडापाशी ठेवला, हात जोडले. "माही देवी माह्यापाशी," ती कौशल्येला म्हणाली. आवाजात माया नव्हती, रागही उतरला नव्हता. मग ओटी खोचून ती वावरात शिरली आणि तिच्यामागे सगळ्या शिरल्या.

ढगांनी दिवसभर दम धरला. ऊन कलताना ढीग लागले, आणि कौशल्या वाटे करायला बसली. एरवी बायका या वेळी पाय मोकळे करत, पाणी पीत, गप्पा मारत. आज मैनाबाई येऊन तिच्या अगदी समोर उकिडवी बसली.

"इतके वर्सं म्या देवीवर सोडलं होतं, बाई," ती म्हणाली. "आता मी पाहीन."

"पाहा," कौशल्या म्हणाली. तिने बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, दोन्ही तळवे मैनाबाईपुढे उघडे करून दाखवले आणि पहिल्या ढिगाला हात घातला.