कमाईची धूळ

दोघे भाऊ संध्याकाळी कामावरून परतले, की गल्लीतली पोरं ओरडायची, "पिठातली भुतं आली!" कारखान्यांवरचे आणि शाळांवरचे जुने सिमेंटचे पत्रे फोडून उतरवायचे, हे त्यांचं काम. त्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ते वाईट असतं, असं दोघांच्या कानावर आलं होतं. पण कानावर आलेल्या गोष्टींनी पोट भरत नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होऊन ते यायचे, अंगणात कपडे उतरवायचे, आणि घरची थोरली सून ते उचलून आधी फडाफडा झटकायची, खिसे उलटे करून झाडायची, मग धुवायला बसायची. लग्न होऊन आली तेव्हा सासरेही याच कामावर होते. तेव्हापासून हे तिच्याकडे होतं.

"कमावत्या माणसाचे कपडे घरच्या सुनेनंच धुवायचे," सासू सांगायची. "ही धूळ आहे म्हणून चूल पेटते. नाकं मुरडायची नाहीत."

थोरलीने नाक मुरडलं नाही. मुली लग्न होऊन सासरी गेल्या, तिचे स्वतःचे केस पिकायला लागले, तरी तिने कुरकुर केली नाही. मग एकाएकी बादली उचलताना तिला धाप लागू लागली.

"चार कपडे धुतले की हिला डोंगर चढल्यासारखं होतं," सासू म्हणाली. "नाचता येईना, अंगण वाकडं."

धाकटी सून यावर खुदकन हसली. ते हसणं पुढे तिला फार सलत राहिलं.

शेवटी थोरलीला चालताही येईना, तेव्हा नवरा आणि धाकटी तिला दवाखान्यात घेऊन गेले. तिच्या छातीतून पाणी काढलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठल्या कारखान्यात होता तुम्ही?"

"मी? मी घरीच असते."

"मग घरी कोण काय काम करतं?"

थोरल्याने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून हातात धरला. "फोडलेल्या पत्र्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. छातीत गेले की बाहेर येत नाहीत. वीस-तीस वर्षांनी असा डाव साधतात. पत्रा भिजवून, न फोडता अख्खा उतरवायचा असतो. तोंडाला नीट मास्क हवा, अंग तिथेच धुवायचं, कामाचे कपडे घरी आणायचेच नाहीत. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

थोरलीला फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग झाला होता, आणि तो बरा होणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो कंत्राटदाराकडे गेला. शाळेच्या छपराचं काम सुरू होतं. त्याने बायकोचं दुखणं आणि डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं, पाणी मारायला पाइप मागितला, मास्क मागितले, कपडे बदलायला आडोसा मागितला.

"तुझी बायको माझ्या पत्र्यावर चढली होती का?" कंत्राटदाराने विचारलं.

"नाही, साहेब."

"मग माझा काय संबंध? आणि तू तर इतकी वर्षं चढतोयस. तू धडधाकट, बायको आजारी. जा, त्या डॉक्टरणीलाच विचार, हा कुठला न्याय."

बाकीचे मजूर हसले. धाकटा भाऊही हसला. थोरला निमूटपणे शिडी चढला, आणि संध्याकाळी तसाच पांढरा होऊन घरी आला.

त्या दिवशी सासूने कपड्यांचं बोचकं धाकटीपुढे टाकलं. पलीकडच्या खोलीत थोरली उशांना टेकून बसली होती. तिला आडवं होता येत नव्हतं. अंगणातून शर्ट झटकल्याचा आवाज आला. ती भिंतीला धरून उठली आणि उंबऱ्यापर्यंत आली.

"टाक ते खाली," ती धाकटीला म्हणाली. "आई, तिला तरी जगू द्या."

"स्वतः पडलीस ती पडलीस," सासू म्हणाली, "आता घर मोडून जाणार आहेस का?"

थोरलीला उत्तर द्यायला श्वास पुरला नाही. त्याच महिन्यात ती गेली. शेवटच्या दिवसांत तिचं तोंड पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखं उघडं असायचं, आणि सासू दार लोटून घ्यायची, आवाज येतो म्हणून.

कंत्राटदार भेटायला आला. हात जोडून म्हणाला, "माउली होती." जाताना दारात हळूच विचारलं, "सोमवारी येताय ना दोघे? शाळा उघडायच्या आत छप्पर व्हायला हवं."

सोमवारी थोरला शिडीपाशी उभा राहिला, चढला नाही. "आधी पाणी आणा," एवढंच म्हणाला. त्याला तिथल्या तिथे हाकललं. त्याच्या जागी धाकटा चढला. त्याने भावाकडे पाहिलंही नाही.

संध्याकाळी धाकटा घरी आला, तर अंगणाच्या फाटकात त्याची बायको वाट अडवून उभी.

"कपडे आत येणार नाहीत," ती म्हणाली. "उद्यापासून तिथेच ठेवून यायचे."

"बाजूला हो. लोक बघतायत."

"बघू देत. मी ताईंना हसले होते. तुम्हीही हसलात. आता लोक हसले तर हसू देत."

"माझ्या पोराला दारात उभं करतेस?" सासू आतून कडाडली. "अशी सून नको मला!"

"आई," थोरला पहिल्यांदाच मोठ्याने बोलला, "जी गेली, तिला आपण मारलं. मी धूळ आणली, तू तिच्या पुढ्यात टाकलीस."

धाकट्याने रागाने शर्टाला हात घातला, झटकणार तोच बायकोने भरलेली बादली त्याच्या अंगावर ओतली. समोरच्या खिडक्यांतून हशा पिकला. तो निथळत उभा राहिला. त्याने हात उगारला. पण थोरला मध्ये आला, आणि तो हात तसाच खाली आला.

दुसऱ्या दिवशी हा तमाशा कानावर आला, तसं कंत्राटदाराने धाकट्यालाही काढलं. गावभर झालं: या घरच्या बायका डोक्यावर बसल्यात. सासूने धाकटीशी बोलणं टाकलं.

धाकटी मात्र पदर खोचून निघाली. पत्रे फोडणाऱ्या मजुरांची घरं तिला माहीत होती. पहिल्या घरात बाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या घरची पीडा आमच्या दारी नको." दार लागलं. धाकटी पुढच्या दारी गेली, कडी वाजवली. आतून उत्तर यायच्या आधी खोकला आला, कोरडा, लांबलेला. मग एका बाईने धापा टाकत विचारलं, "कोण आहे?"

"दार उघडा," धाकटी म्हणाली. "मला तुमच्या धुण्याविषयी बोलायचंय."