गॅरेजमधला नागराज

नंदाचं पत्र ऑगस्टच्या शेवटी आलं आणि श्रीरामकाकांनी ते शब्दकोशात ठेवून दिलं. उत्तर द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं नव्हतं. फक्त सात आठवडे दिलं गेलं नाही.

नंदा अमरावतीच्या कॉलेजातली त्यांची विद्यार्थिनी, आता इथून विमानानं दोन तासांवर, बॉथेलला राहणारी. तिची धाकटी बहीण शरयू इथे क्युपर्टिनोत, काका ज्या मुलीकडे राहत होते तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. नंदानं लिहिलं होतं : 'सर, शरयूनं फिटच्या गोळ्या बंद केल्यात. तिथे कुणाकडे साप आहे म्हणे. तो तिच्याच मांडीवर येऊन बसतो. त्याला तिचा स्पर्श आवडतो, त्यानं तिचा आजार ओढून घेतला, असं ती म्हणते. सापाला माणसानं हाताळलेलं आवडतं का हो? तुम्ही आम्हाला सरपटणारे प्राणी शिकवलेत. तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल.'

एकतीस वर्षं सरपटणारे प्राणी शिकवले खरे, पण ते सगळे फॉर्मालिनच्या बरण्यांतले. जिवंत साप काकांनी आयुष्यात दोनदा पाहिला होता, आणि दोन्ही वेळा पळाले होते ते काकाच. मी कोण सांगणार, असं त्यांना वाटलं, आणि शब्दकोश मिटला.

तो साप त्यांनी पाहिलाही. सप्टेंबरातल्या एका शनिवारी दुपारी मुलगी विनीता त्यांना त्याच वस्तीतल्या कुमारच्या गॅरेजमध्ये घेऊन गेली. दोन गाड्यांचं गॅरेज. गाड्या रस्त्यावर, आत चटया, उदबत्त्या आणि पन्नास माणसं. अर्धी इंजिनियर, चार डॉक्टर. नागपंचमीला पूजेला मातीचा नाग मिळेना, म्हणून कुमारनं पेट शॉपमधून जिवंत आणला. तो इतका पावला, की तेव्हापासून दर शनिवारी नागपंचमीच होती.

"याला स्नेक म्हणायचं नाही हं," कुमार सांगत होता. एरवी तो इन्शुरन्स विकायचा. बोलायची पद्धत तीच होती. "हे नागराज. व्हेरी लव्हिंग सोल! यांना पर्सनल टच फार आवडतो. पण कुणाचा? ज्याचं मन स्वच्छ, त्याचा. आम्ही त्यांना शीतसमाधीतून उठवतो, मध्ये ठेवतो, आणि ते सिलेक्शन करतात. टोटली त्यांचं डिसिजन!"

शीतसमाधी म्हणजे बर्फाची निळी पेटी, पिकनिकला नेतात ती. तिच्यातून त्यानं हातभर लांबीचा, जाडसर, तपकिरी अजगर काढला. आफ्रिकेतला. फणा नाही, विष नाही, नागाशी काही संबंध नाही. पाच-सहा बायका पाया पडायला पुढे झाल्या तसं अजगरानं डोकं आत घेतलं आणि अंगाचा चेंडू केला.

"बघा, बघा! तुम्ही वाकलात, तर तेही वाकले!"

मग शरयूला पाटावर बसवलं. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून नैवेद्य उकडलेलाच, पुरणाची दिंडं. नैवेद्य करणाऱ्या सुमित्राकाकूंनी ती स्टोव्हवरून उतरवली, स्टीलच्या डब्यात भरली, डबा शरयूच्या मांडीत ठेवला आणि वर शाल पांघरली. गॅरेजच्या थंडगार फरशीवरून अजगर थांबत थांबत निघाला. तो शरयूच्या मांडीवर चढला आणि शालीवर विसावला. बायकांनी टिपं गाळली. शरयू हलकेच त्याच्यावरून हात फिरवत राहिली. तिच्या चेहऱ्याकडे काकांना बघवेना. इतकं सुख त्यांनी बऱ्याच दिवसांत कुणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं.

डबा गरम आहे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. ते घरी आले आणि गप्प बसले.

ऑक्टोबरात शरयू सिंकपाशी भांडी धुताना फिट येऊन पडली. समोरचा दात तुटला, कपाळाला सात टाके. नवरा प्रताप ऑफिसात. नऊ वर्षांच्या लेकीनं, दीपानं, अँब्युलन्स बोलावली. विनीतानं हे जेवताना सांगितलं. काकांना वाटलं, आता आपल्याला राग येईल, निदान रडू येईल. काहीच आलं नाही. त्यांनी ताटातला भात संपवला.

शनिवारी ते आपण होऊन गॅरेजमध्ये गेले. पोटाशी, स्वेटरच्या आत, कंबरदुखीसाठीची गरम पाण्याची पिशवी होती.

शरयू पाटावर होतीच, कपाळाला पट्टी बांधून.

"जाता जाता रोग शेवटचा झटका देतो," कुमार समजावत होता. "फायनल क्लिअरन्स! आता गोळी घेतली, तर नागराजांवर अविश्वास. शरयूताई, घेणार नाही ना?"

"नाही," शरयू म्हणाली. तुटक्या दातामुळे शब्द फुटून आला.

प्रताप मागे भिंतीला टेकून उभा होता. दीपा त्याच्या हाताला धरून.

"मला जरा विचारायचं होतं," श्रीरामकाका म्हणाले. आवाज इतका बारीक, की दोनदा म्हणावं लागलं. "तो डबा बाजूला ठेवला तर?"

"काका, नैवेद्य आहे तो," कुमार म्हणाला.

"हो, हो. नैवेद्यच. दुसऱ्या पाटावर ठेवू. शाल घालून. शरयू इथेच बसेल. नागराजांचं डिसिजन आहे ना?"

कुणीतरी खुसकन हसलं. कुमारही हसला, मग त्याला नाही म्हणता येईना. डबा दुसऱ्या पाटावर गेला, शरयूपासून चार हात लांब. पेटी उघडली, अजगर फरशीवर आला.

शरयूनं दोन्ही हात पुढे केले. "या," ती म्हणाली.

अजगरानं जीभ लवलवली, तोंड वळवलं आणि डब्याकडे गेला. शालीवर चढून त्यानं डब्याला वेटोळं घातलं.

"नैवेद्य स्वीकारला! आज डायरेक्ट स्वीकारला!"

"असेल," काका म्हणाले. "माझं चुकतही असेल." त्यांनी स्वेटरमधून पिशवी काढली. लाल रबराची, बुचाची. ती त्यांनी दुसऱ्या एका शालीत गुंडाळून तिसऱ्या पाटावर ठेवली, आयुष्यात प्रथमच जिवंत साप दोन्ही हातांनी उचलून मध्ये ठेवला आणि डबा सुमित्राकाकूंकडे दिला. तो अजून फ्रिजमधल्या बाटलीसारखा गार होता.

पन्नास माणसं बघत राहिली. अजगर पिशवीकडे गेला आणि तिच्यावर डोकं टेकवून पडला.

"कुमारसाहेब, पिशवीचं मन स्वच्छ आहे का?"

"सर, धिस इज इन्सल्ट टू—"

"मॉम," दीपा म्हणाली, "ही इज जस्ट कोल्ड."

सुमित्राकाकूंनी निळ्या पेटीत हात घातला आणि झटकन काढला. "अगं बाई! दोन दोन तास ठेवता यात मुक्या जिवाला?"

चार डॉक्टरांपैकी एकानं घसा खाकरला. तो इतके शनिवार काय करत होता, हे कुणी विचारलं नाही. माणसं चपला शोधू लागली. कुमार फोनचं निमित्त करून घरात गेला.

शरयू पाटावरून उठली नव्हती. "म्हणजे मी त्याला आवडत नव्हते?"

काकांना खोटं बोलता आलं असतं. "त्याला ऊब हवी होती, शरयू. तुझ्या मांडीत डबा होता."

"इतके दिवस?"

"हो."

तिनं हात मांडीवर ठेवले, पालथे. "गोळ्या बाथरूमच्या कपाटात आहेत," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. प्रताप गाडी काढायला गेला.

रविवारी काका लिहायला बसले. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं :

'चि. नंदास,
तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हाताळलं की साप शांत राहतो, म्हणून त्याला ते आवडतं असं ठरत नाही. तो गारठलेला असू शकतो, घाबरलेला असू शकतो. या जातीचा साप घाबरला की चेंडू होतो; लोक त्याला नमस्कार समजले. याच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, त्यांनी तो ऊब शोधतो, आणि शरयूच्या मांडीत नैवेद्याचा गरम डबा ठेवलेला होता. नेहमीच्या हाताला काही साप सरावतात, पण सरावणं म्हणजे प्रेम नव्हे. सापाला काय वाटतं, ते मला माहीत नाही, आणि मला माहीत आहे म्हणणाऱ्याला एकच विचारावं : डबा बाजूला ठेवून दाखवता का? आजार साप ओढून घेत नाही. गोळीनं बहुतेकांची फिट थांबते, हे हजारो रुग्णांवर पाहिलेलं आहे. आपलं माणूस सुखात दिसलं, तरी विचारायला लाजू नये. मी लाजलो.
शरयूनं आज सकाळी गोळी घेतली, असं दीपा सांगते. मी स्वतः पाहिलेलं नाही.
हे पत्र सात आठवड्यांपूर्वी लिहायला हवं होतं. मला तेव्हाही एवढं सगळं माहीत होतं.'

सही केली, तिकीट लावलं. सोमवारी कोपऱ्यावरच्या टपालाच्या निळ्या पेटीत पाकीट टाकलं, आणि ते आत पडल्याचा आवाज येईपर्यंत झाकण धरून उभे राहिले.