तपासून घेतलेली भेट

सुट्ट्या संपल्या की लोकांचा हंगाम संपतो आणि माझा सुरू होतो. मी मिक्सर, इस्त्र्या, पंखे, दिवे दुरुस्त करतो. सुट्टीत हौसेनं दिलेल्या भेटी पंधरा दिवसांत माझ्या टेबलावर येऊन आडव्या पडतात. दोनदा फिरून जळालेला मिक्सर, तिसऱ्या दिवशी मूठ हातात आलेली इस्त्री, गाण्यापेक्षा घरघरच जास्त ऐकवणारा स्पीकर. एक स्पीकर चांगला जड लागला म्हणून कौतुकानं उघडला, तर आत लोखंडाचा ठोकळा चिकटवलेला. का, तर वजन यावं म्हणून! असल्या वस्तू बनवणाऱ्याला धरून आणावं आणि वर्षभर स्वतःचे कपडे त्याच्याच इस्त्रीनं कडक करायला लावावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या कामाची एक शिस्त आहे. उघडलेल्या प्रत्येक वस्तूच्या पोटात मी एक चिठ्ठी ठेवतो: तारीख, काय बिघडलं होतं, काय केलं, पुढची तपासणी कधी. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनीच ही सवय लावली. माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, या चिठ्ठ्यांवरून माझी भरपूर थट्टा करायची. म्हणायची, लिहिणारा तूच आणि वाचणाराही तूच, मग पोस्टाचं तिकीट तेवढं लावायचं राहिलं.

दर शनिवारी चार वाजता ताई दुकानात यायची. कोपऱ्यातल्या बंद वॉशिंग मशीनवर बैठक मारायची, मी केलेला चहा प्यायची, त्या चहाला नावं ठेवायची आणि माझ्या गिऱ्हाइकांना फुकटचे सल्ले द्यायची. मागच्या सुट्टीपासून ती आली नाही. त्याचं कारण मी. यात दुसऱ्या कुणावर ढकलायला जागाच नाही.

झालं असं, की मागच्या सुट्टीत तिच्या घरी सगळे जमलो होतो आणि तिनं मला टेबलावर ठेवायचा दिवा दिला. पितळी दांडा, हिरवी टोपी. दुकानात माझे डोळे ताणतात म्हणून चार दुकानं पालथी घालून आणलेला. मी कागद काढला, 'वा' म्हणालो आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. जेवणाच्या टेबलावर, घरच्या सगळ्यांसमोर. दिव्याचं बूड उघडलं आणि जाहीर केलं, की आत वायरीला गाठच मारलेली नाही, कुणी ओढली तर वायर सुटून येणार, ताईला दुकानदारानं पद्धतशीर गंडवलंय. वर हसलोसुद्धा.

ताईनं दिवा उचलला, बूड उचललं, चारही स्क्रू वेचून मुठीत घेतले. म्हणाली, "तुला काही द्यायची सोयच नाही रे." आणि आत गेली.

नंतर फोनवर बोलायची, नाही असं नाही. पण तब्येत विचारायची ती लांबच्या नातेवाइकाची विचारावी तशी. शनिवारी चार वाजले की मी दाराकडे बघायचो आणि मग हातातल्या पंख्यावर राग काढायचो. लपवायचं कशाला, मला करमत नव्हतं.

म्हणून यंदा ठरवलं, ताईला अशी भेट द्यायची, की त्या वस्तूला कुणी नावं ठेवू शकणार नाही. बायको म्हणाली, भेट कसलीही द्या, पण तिथे स्क्रूड्रायव्हर नेऊ नका. मी म्हटलं, कबूल.

खरेदीला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी मोठ्या झगमगीत दुकानात गेलो. मी वस्तू कशी घेतो ते सांगतो. आधी उलटी करून बूड बघतो. मग हलवतो, आत काही खुळखुळलं की संपला विषय. मग प्लॅस्टिकचा वास घेतो, कारण हलक्या प्लॅस्टिकचा वास डोक्यात जातो. मग वायर ओढतो. एवढं साधं काम, पण चौथी इस्त्री हुंगत असताना दुकानाचा रखवालदार माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि बायको पडद्यांच्या विभागात अशी गायब झाली की जणू आमची ओळखच नाही. दुसऱ्या दिवशी एका दुकानातल्या मुलीनं अगदी गोड आवाजात विचारलं, की काका, तुम्हाला नक्की काय आवडत नाही? मी सांगायला लागलो. बिचारीची जेवणाची सुट्टी त्यात गेली.

तिसऱ्या दिवशी एका अरुंद गल्लीत जुनं दुकान सापडलं. मी एक इलेक्ट्रिक किटली कशी उलटी धरतो ते आतल्या म्हाताऱ्या दुकानदारानं पाहिलं आणि न बोलता गल्ल्यातून स्क्रूड्रायव्हर काढून माझ्यासमोर ठेवला. मी बूड उघडलं. जाड वायर, घट्ट गाठ, वीज तोडणारी पट्टी नीट बसवलेली. मला तर त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. ताई शाळेचे गणवेश शिवायला बसली की गॅसवरचा चहा विसरते आणि भांडी जाळते. ही किटली पाणी उकळलं की आपणहून बंद होणारी. तिच्यासाठीच जन्मलेली वस्तू.

इथं शहाण्या माणसानं कागदात गुंडाळून ठेवली असती. पण दुकानात एकदा चालली म्हणजे नेहमी चालेल, असं मी आयुष्यात मानलेलं नाही. आठ दिवस ती किटली मी घरी उकळली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. बंद होते का, वेळेवर होते का, झाकण सैल पडतं का. बायको चहा पिऊन पिऊन हैराण झाली, शेजाऱ्यांना बोलावून बोलावून पाजला. आठव्या दिवशी मी पुसली, गुंडाळली आणि समाधानानं बायकोबरोबर ताईकडे निघालो. निघताना दारातच बायकोनं माझे खिसे तपासले.

ताईनं कागद काढला. किटली फिरवून पाहिली, झाकण उघडलं, आत डोकावली. आणि तिचा चेहरा उतरला.

"ही वापरलेली आहे," ती म्हणाली.

मी वाकून बघितलं. तळाला पाण्याचा पांढरा थर बसलेला. आमच्या नळाच्या पाण्यानं आठ दिवसांत आपलं काम केलं होतं. बाहेरून मी इतकी चकाचक पुसली, पण आत बघायचंच राहिलं. मी! ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तूंची पोटं उघडली तो! वर्षभर थांबून बहिणीला दिली काय, तर दुसऱ्याची उतरलेली किटली, असंच तिला वाटणार, आणि आता ती फोनसुद्धा करणार नाही, हे मी धरूनच चाललो.

शेवटी बायकोच पुढं झाली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. रखवालदार, इस्त्र्या हुंगणं, आठ दिवस, शेजाऱ्यांना पाजलेला चहा. माझी काही लाज शिल्लक ठेवली नाही. ताई ऐकत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

मग ती माझी भेट आणायला आत गेली आणि बऱ्याच वेळानं ती घेऊन आली. कागद काढला, तर तोच दिवा. पितळी दांडा, हिरवी टोपी.

माझे हात शिवशिवले, पण मी शपथेवर सांगतो, मी बुडाकडे पाहिलंसुद्धा नाही. वायर बोर्डात घातली, बटण दाबलं, दिवा लागला. "फार छान आहे," म्हणालो आणि हात मांडीखाली दाबून बसलो.

ताई वाट बघत होती. मी हलत नाही म्हटल्यावर तिनं स्वतः वायर काढली, शिलाई मशीनच्या खणातून छोटा स्क्रूड्रायव्हर आणला आणि माझ्या हातात कोंबला.

"उघड मेल्या, किती वेळ अंत बघशील?"

मी बूड उघडलं. आत नवी वायर होती आणि वायरीला गाठ. दुहेरी, ओढून बसवलेली, आणि वरून गणवेशाच्या निळ्या दोऱ्यानं घट्ट करकचलेली. असली गाठ माझ्याच्यानं होणार नाही. शेजारी घडी घातलेली चिठ्ठी होती. तारीख, आणि खाली तिचं वाकडंतिकडं अक्षर: 'गाठ नव्हती. मारली. तीनदा चुकली, चौथ्यांदा जमली. पुढची तपासणी: शनिवारी चार वाजता, दुकानात. चहा तू दिलेल्या किटलीत मी करीन, तू करू नकोस.'

'तू दिलेल्या किटलीत' हे शब्द ताज्या शाईत वर घुसवलेले होते. भेट आणायला तिला एवढा वेळ का लागला ते मला आत्ता कळलं.

मला भरून आलं. चष्मा पुसायच्या निमित्तानं मी जरा वेळ काढला. मग चिठ्ठी होती तशी आत ठेवली आणि चारही स्क्रू आवळले.