बासष्ट सालची निगेटिव्ह

नीळकंठनं कॉम्प्युटर पाचव्यांदा बंद केला, टेबलाखाली शिरून स्कॅनरची जाड वायर उपटली, तिच्या टोकाच्या पिनांवर फुंकर मारली आणि ती पुन्हा खोचली. फुंकरीनं काही होत नसतं हे त्यालाही ठाऊक होतं. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि घड्याळात बारा वाजत आले होते. एक वाजता दुसरबीडची लाइट जायची ती पाचलाच यायची. गावात बाकी काही वेळेवर होवो न होवो, भारनियमन कधी चुकत नसे.

काउंटरपलीकडच्या बाकावर तानुबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. उजव्या डोळ्याची नजर केव्हाच गेली होती आणि डाव्यानं बांगडीतून पाहावं तेवढंच दिसत होतं. काचबिंदू. जालन्याच्या डॉक्टरनं उद्या सकाळचं ऑपरेशन ठरवलं होतं. आहे तेवढी नजर टिकेल, नाहीतर तीही जाईल, तयारी ठेवा, असं त्यानं तोंडावर सांगितलं होतं. त्याआधी तिला एक चेहरा पाहायचा होता. तिचा पहिला मुलगा तुळशीराम तीन वर्षांचा होऊन बासष्ट साली गेला होता. त्याचा एकच फोटो निघाला होता, आणि तो नीळकंठच्या वडिलांनी, लक्ष्मीकांत फोटोग्राफर यांनी, बीबीजवळच्या तिच्या गावी सायकलवर जाऊन काढला होता.

सकाळी दुकान उघडताच ती दारात उभी राहून म्हणाली होती,

"घरचा फोटो नको मले. तुह्या बापाच्या पेटीतला पाहिजे."

घरचा फोटो पिवळा पडला असेल, असं नीळकंठ धरून चालला. "करून देतो मावशी," असं तो छाती फुगवून म्हणाला. बाबांच्या निगेटिव्ह मागायला इतक्या वर्षांत कुणी आलं नव्हतं. दोन तास पत्र्याची पेटी उपसल्यावर पाकीट सापडलं, त्यात तीन चौकटींची फिल्मची पट्टी. डार्करूम मोडून सात वर्षं झाली होती, तिथे आता पासपोर्टच्या फोटोची खुर्ची होती. राहिला हा फिल्म स्कॅनर. अकोल्याच्या बंद पडलेल्या लॅबमधून त्यानं तो उचलून आणला होता, आणि जुन्या कॉम्प्युटरवर तो गुणी बाळासारखा चालायचा. दिवाळीत नवा कॉम्प्युटर आला, नवं विंडोज आलं, तेव्हापासून स्कॅनरनं अबोला धरला होता. सोबतची सीडी जुन्या विंडोजची. नवा ड्रायव्हर त्यानं मेहकरच्या सायबर कॅफेतून फ्लॉपीवर उतरवून आणला होता, तोही घेतल्यासारखा करी आणि शेवटी तेच सांगे, स्कॅनर सापडत नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

"भाऊ, एक वाजताच्या गाडीनं निंघा लागते आमाले," किसनराव दारातून म्हणाले. तानुबाईचा हा धाकटा मुलगा, चाळिशीचा. "संध्याकायच्या आत भरती नाही केलं तं उद्याचा नंबर जाईन."

"होतंय, होतंय."

"सकायपासून व्हतंय म्हणून राह्यले तुमी."

"त्याले करू दे," तानुबाई म्हणाली. "तू गाडीचं पाह्य."

किसनराव स्टँडकडे गेले. नीळकंठनं सायबर कॅफेतून आणलेला कागद पुन्हा समोर धरला. इंग्रजीतल्या बारा पायऱ्या. जुना ड्रायव्हर काढा, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा, आधी आतल्या कार्डाचा ड्रायव्हर टाका, मग स्कॅनरचा. सगळं केलं होतं. या बाईला डोळे असेपर्यंत एक चेहरा दाखवायचा, एवढंच काम, आणि तेवढंही आपल्याच्यानं होत नाही. बाबांनी चार रसायनांवर आणि एका लाल दिव्यावर आयुष्य काढलं, आणि आपण वीस हजारांचं यंत्र समोर ठेवून हात चोळत बसलो. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

अकरावी पायरी त्यानं बोट ठेवून वाचली. आधी स्कॅनर चालू करा, त्याचा दिवा लुकलुकायचा थांबू द्या, मगच कॉम्प्युटर. पाचही वेळा त्यानं घाईत आधी कॉम्प्युटर चालू केला होता. यंत्र झोपेत असताना कॉम्प्युटरनं घर शोधून पाहिलं तर त्याला कोण सापडणार?

त्यानं सगळं बंद केलं. स्कॅनरचा खटका दाबला, दिव्याकडे टक लावून तीस आकडे मोजले, मग कॉम्प्युटर लावला. या वेळी स्कॅनर पोटातून गुरगुरला आणि पडद्यावर त्याचं नाव आलं.

"झालं का?" तानुबाईनं विचारलं.

"झालंच समजा."

पट्टी त्यानं फिल्म धरायच्या प्लास्टिकच्या सांगाड्यात बसवली आणि स्कॅन सुरू केलं. चार मिनिटांनी चित्र उतरलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. घोंगडीची वीण दिसत होती, खाटेचा खूर दिसत होता, पण चेहरा नव्हता. ओल्या शाईवरून अंगठा फिरवावा तसं काहीतरी पुसट होतं. बेचाळीस वर्षं पेटीत जपलेली फिल्म आपण स्कॅनरच्या गरम दिव्यात जाळली, या विचारानं त्यानं सांगाडा ओढून काढला आणि फिल्म खिडकीशी धरली. फिल्म शाबूत होती. मग चूक कुठे? सेटिंगची एकेक ओळ पाहत तो खाली गेला आणि धूळ काढण्याच्या चौकटीत टिकलीएवढी खूण दिसली. रंगीत फिल्मची ही सोय त्यानं कायम चालू ठेवलेली असे. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चित्र बनतं चांदीचं, आणि हे शहाणं यंत्र त्या चांदीलाच धूळ समजून पुसत होतं. त्यानं खूण काढली, फिल्मचा प्रकार बदलला आणि पुन्हा बटण दाबलं.

साडेबारा झाले होते.

या वेळी चेहरा आला. वरून खाली, ओळीओळीनं. टाळूवरचे केस, कपाळावर काजळाची तीट, मग भुवया. मग डोळे, आणि ते मिटलेले होते.

नीळकंठ पडद्यापुढून हलला नाही. मूल झोपलेलं नव्हतं. नाकात कापूस होता, हनुवटीखालून पंच्याची पट्टी बांधली होती.

बाबांचं हे काम त्याला ठाऊक होतं. खेड्यातून कुणी धावत यायचं, घरात गेलेल्याचा एकही फोटो नसायचा, आणि बाबा कॅमेरा घेऊन सायकलीवर टांग मारायचे. मिटल्या डोळ्यांचा फोटो घरात लावत नाहीत. म्हणून मग ते दुकानात बसून कागदावरच्या छापील फोटोत बारीक ब्रशनं उघडे डोळे रंगवायचे, कापूस पुसायचे, पट्टी झाकायचे. निगेटिव्हला मात्र हात लावत नसत. तानुबाईच्या भिंतीवर बेचाळीस वर्षं ते उघडे डोळे होते, आणि त्याच डोळ्यांची भेट घ्यायला ती शेवटची आली होती. तिच्यापुढे आता हे ठेवायचं?

त्यानं पडदा किंचित स्वतःकडे वळवला.

"काय झालं बापू?"

"थोडी धूळ आहे मावशी. साफ करतो."

चित्र मोठं करून त्यानं माउस हातात घेतला आणि बाबा बसायचे तसाच वाकून बसला. आधी कापूस गेला, मग पट्टी. मग पापणीच्या वर एक रेघ, खाली एक रेघ, पांढरं, काळं, काळ्यात उजेडाचा ठिपका. डोळे जमून आले. इतके जमले की त्यालाच नवल वाटलं. बदामी, बाहेरच्या कोपऱ्यात किंचित उतरते. बाबा सगळ्यांना तसेच काढत.

प्रिंटर चालू करायला त्यानं हात पुढे केला आणि पंखा थांबला. एकला पाच कमी होते. भारनियमनसुद्धा आज घाईत होतं. टेबलाखालचा यूपीएस किंचाळू लागला. त्याच्यावर पडदा आणि कॉम्प्युटर तेवढा चालायचा, दहा मिनिटं, फार तर बारा. प्रिंटर त्याच्यावर नव्हता.

"मावशी, लवकर इकडे या," तो म्हणाला. "कागदावर आता निघणार नाही. इथंच पाहून घ्या."

त्यानं तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. तानुबाई पडद्याला नाक लागेल इतकी पुढे झाली आणि डोकं हळूहळू फिरवत तिनं तो चेहरा बांगडीएवढ्या नजरेत तुकड्या-तुकड्यानं घेतला. केस पाहिले, तीट पाहिली. डोळ्यांशी आली आणि थांबली. मग मागे सरकून तिनं मान हलवली.

"हे तं घरीच हायेत."

नीळकंठ वाकून पडद्यावरचे डोळे पाहू लागला.

"सासरा म्हणे, मिटल्या डोयाचा फोटो भितीले लावू नाही. तुह्या बापानं मंग डोये काढून देले. त्याची चूक नाही, चांगलं मानूस व्हतं. पण हे डोये माह्या तुळशीरामचे नाहीत. उभा जलम भितीवरून कोन जाने कोनाचं लेकरू पाहून राह्यलं माह्याकडं." तिनं तळहात मांडीवर ठेवला. "शेवटी मांडीवर व्हता, तवा कसा दिसे तेच मले आठवून नाही राह्यलं. म्हनून आलो मी."

यूपीएसच्या किंकाळ्या आता भराभर येऊ लागल्या होत्या. ही बाई दहा मैल आणि बेचाळीस वर्षं चालून जे पाहायला आली, तेच आपण शहाणपणा करून झाकलं होतं. नीळकंठनं दोन बोटं कीबोर्डच्या कळांवर ठेवली आणि केलेलं काम एकेक पाऊल मागे घ्यायला लागला. ठिपका गेला. काळं गेलं, पांढरं गेलं. वरची रेघ गेली. डावी पापणी मिटली, मग उजवी. पट्टी परत आली, कापूस परत आला.

तानुबाई पुढे झुकली. तिचा हात पडद्याच्या काचेवर गेला आणि कपाळावरून खाली, गालापर्यंत फिरला. तिनं हुंदका दिला नाही. नुसती पाहत राहिली, एका जागी, डोकं न फिरवता.

दारातून किसनराव धापा टाकत आत आले.

"माय, चाल लवकर! गाडी लागली, कंडक्टर थांबून नाही राह्यला."

"हळू बोल," तानुबाई म्हणाली.