दातवाली की प्लेन

दुकानदाराने दोन शर्ट समोर ठेवले की तिसरा मागणारा माणूस मी. अशा माणसाला नूरुद्दीनभाईंनी दोन बकेटींसमोर उभं केलं आणि म्हणाले, "घ्या धनेशशेठ, पसंत करा."

दोन्ही बकेटी वर्कशॉपच्या अंगणात शेजारी शेजारी पडल्या होत्या. माझ्या ट्रॅक्टरला पुढे माती उचलायचा नवा लोडर बसला होता, त्याच्या तोंडाला यातली एक लावायची होती. एकीच्या काठाला सहा दात, दुसरीचा काठ सपाट. दातवाली घट्ट जमिनीत घुसते आणि खणते. प्लेन मोकळा माल उचलते, पसरते, जमीन सारखी करते. इथवर मलाही कळत होतं.

"उचलायचं काय आहे?" भाईंनी विचारलं. धामणकर नाक्याजवळ तीस वर्षं लोखंड कापत बसलेला हा माणूस, फालतू प्रश्न कधी विचारत नाही.

"सगळंच," मी म्हणालो.

"सगळं उचलणारी अजून कुणी बनवली नाही. माती की मुरूम? खणायचंय की पसरायचंय?"

मी चहा मागवला.

उत्तर मला येत नव्हतं असं नाही. उत्तरं दोन होती आणि दोन्ही घरचीच होती. खारबावला खाडीला लागून आमचं दीड एकर शेत आहे. आजूबाजूच्या शेतांवर भराव पडला आणि गोडाऊन उभी राहिली. आमच्या तुकड्यात अजून भात होतं, कारण माझी आई धोंडूबाई अजून लावणीला उतरते. मागच्या उधाणाला खाडीकडचा बांध एका जागी फुटला. येत्या अमावास्येच्या आत तो बुजवला नाही, तर मोठ्या भरतीचं खारं पाणी शेतात शिरणार आणि दोन-तीन वर्षं तिथे भात विसरायचं. बांधाची वाट अरुंद, पोकलेन तिथे जात नाही. म्हणून लोडर घेतो, असं मी आईला सांगितलं होतं. त्या कामाला दातवाली हवी, कारण खाडीकाठची चिकण माती उन्हाळ्यात दगडासारखी होते.

चुलतभाऊ प्रितेशला मी दुसरंच सांगितलं होतं. त्याचा मुरुमाचा धंदा. त्याच दीड एकरावर भराव टाकून गोडाऊन बांधायचं त्याच्या डोक्यात होतं, आणि दोन वर्षं 'बघू, बघू' म्हणत मी त्याला मोजणीपर्यंत येऊ दिलं होतं. मुरूम पसरायला प्लेन हवी.

'बघू' हा माझा लाडका शब्द. माझी बायको विनिता म्हणते, तो आपल्या लग्नपत्रिकेवर छापायला हवा होता.

चहा येईपर्यंत मी प्रितेशला फोन लावला. "प्लेनच घे, विचार कसला करतोस?" तो म्हणाला. मग विनिताला लावला. "मला काय विचारता, आईंना विचारा," ती म्हणाली. आता आईला काय विचारणार? बकेटीचं विचारलं की शेताचं आलंच. शेताचं विचारलं की ती नाही म्हणणार, मग प्रितेशला तोंड कसं दाखवायचं? आणि न विचारता भराव टाकला तर आईला कसं दाखवायचं? दोन तोंडं कुठून आणू? मी पुन्हा बकेटींकडे बघत बसलो. दातवालीचे दात मोजले. सहाच होते.

तेवढ्यात गटारं खणण्याची कंत्राटं घेणारा रामनाथ टेम्पो घेऊन आला. त्याला दातवाली हवी होती, आत्ताच.

"तुमचं ठरलं नसेल तर मी नेतो," तो मला म्हणाला.

"न्या की," मी म्हणालो. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. एक गेली म्हणजे उरली ती आपली. माझे बरेचसे निर्णय असेच झालेत.

"प्लेनला बोल्टचे दात लावून देईन," भाई माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "पण चार दिवस लागतील. चालेल?"

अमावास्या तिसऱ्या दिवशी होती. "बघू," मी म्हणालो आणि प्लेन बकेट लावून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर बांधावर नेला तेव्हा आई आधीच तिथे उभी होती. हातात फावडं, पदर खोचलेला. तिने बकेट एकदा समोरून पाहिली, मग वाकून खालून पाहिली.

"हिला दात कनाला न्हाईत?"

"चालतं, आये. ताकद इंजिनाची असते," मी म्हणालो, आणि बकेट मातीला लावली.

ती घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा जोर दिला तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली गेली आणि मातीवर नुसता पांढरा ओरखडा उठला. मी इंजिन बंद केलं. खाली उतरून बकेटीच्या काठावरून बोट फिरवलं, जणू दोष तिचाच होता.

आई बांधावर बसली. "ही बकेट भरावाची हाय ना? परवा प्रितेशची मानसं टेप घेऊन आल्ती. मी बघलं."

"आये, माझं अजून काही ठरलेलं न्हाय. खरंच न्हाय."

"मंग मना इचारलं का न्हाय?"

"तू न्हाय बोलली असतीस."

"मी हां बोलले असते," आई म्हणाली.

मी तिच्या शेजारी बांधावर टेकलो.

"माजं गुडघं बघ. अजून किती वरसं चिखलात उतरनार मी? तू इचारशील म्हनून वाट बघत व्हते. शेजारची शेतं गेली तवापास्नं. तू इचारलंसच न्हाय. दोघांना दोन गोष्टी सांगत फिरलास."

दोन वर्षं मी ज्या नकाराला भीत होतो तो नकार नव्हताच. मला लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ रागही आला. हिला तरी आधी बोलता येत नव्हतं का? पण ओरडणार कुणावर? आणि सगळ्यात वाईट म्हणजे आईने हो म्हटलं तरी मला हलकं वाटेना. मला गोडाऊन हवं होतं की नको होतं? आता मलाच कळेना.

"मग बांध कशाला बुजवायचा?" मी विचारलं. "राहू दे असाच."

आई फावडं टेकत उठली. "खारं पानी शिरलं का शेत पान्याचं झालं. मंग तू मना इचारनार तरी काय?"

तिने फावडं घातलं. वाळलेल्या थराखालची माती ओली होती. पण थर फोडणं तिच्या बळाचं नव्हतं. मी घरून कुदळ आणि आणखी एक फावडं मागवलं, ते घेऊन विनिता भाकऱ्यांसकट आली आणि परत गेलीच नाही. मी कुदळीने फोडायचं, दोघींनी फावड्याने बकेटीत भरायचं, मग मी ट्रॅक्टरवर चढून माती फुटलेल्या जागी ओतायची आणि बकेटीच्या सपाट बुडाने थोपटून घट्ट बसवायची. थोपटायला मात्र ती प्लेन झकास होती. दोन दिवस आम्ही तेच केलं. हातांना फोड आले. आईला चार वेळा घरी जा म्हणालो, तिने एकदाही ऐकलं नाही.

अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास खाडी भरायला लागली. आम्ही तिघं बांधावर उभे होतो. पाणी नव्या मातीला लागलं, चढत चढत काठाच्या वीतभर खालपर्यंत आलं आणि तिथे बराच वेळ थांबलं. एका जागी माती ओलसर झाली तशी विनिता फावडं घेऊन धावली. पण पाणी आत आलं नाही. मग हळूहळू ते उतरायला लागलं.

एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला कोरडं शेत, आणि मध्ये आई. आता विचारलं नाही तर पुन्हा कधीच विचारणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"आये, शेतावर भराव टाकायचा का?"

आईने हाताची माती पदराला पुसली. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. तिलाही कळत नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिच्याकडे बघून मला रडू आलं.

"बघू," ती म्हणाली. "भात झोडून झाला का मंग इचार."

आणि यंदा बियाणं किती लागेल ते ती विनिताला सांगायला लागली.